जुन्या मध्यम ट्रकमध्ये दुसरे इंजिन कसे बसवावे

कापसाच्या शेवटच्या खेपा जिनिंगमध्ये उतरल्या आणि मृग बहाराची संत्री निघून गेली की एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत आमच्याकडचे जुने ट्रक बरेच दिवस उभे असतात. इंजिन बदलण्याचे काम काढायचे ते याच दिवसांत. मात्र पान्याला हात लावण्याआधी इंजिन बदलण्याची खरोखर गरज आहे का, हे पाहावे. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर धुराचे जोरदार फुत्कार येत असतील, म्हणजे मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते वाढले असेल, तर लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पिस्टन बदलून ते इंजिन पुन्हा काही वर्षे सहज चालते. ब्लॉकला तडा गेला असेल, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) शेवटच्या साइजपर्यंत घासला गेला असेल किंवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तरच दुसऱ्या इंजिनाचा विचार करावा.

कोणते इंजिन घ्यावे

बहुतेक मालक येथे अश्वशक्तीपासून सुरुवात करतात. माझ्या मते आधी आरसी पुस्तक पाहावे, नंतर बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे घंटेसारखे आवरण) पाहावे आणि अश्वशक्तीचा विचार सर्वांत शेवटी करावा. टाटाच्या जुन्या ट्रकांतील इंजिनांची नावेच बरेच काही सांगतात. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मि.मी. बोअर (सिलिंडरचा आतील व्यास), त्याची क्षमता ४,७८८ सीसी. ६९७ मध्ये बोअर ९७ मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) १२८ मि.मी. असल्यामुळे क्षमता ५,६७५ सीसी होते. ही दोन्ही इंजिने मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यातून आलेल्या एकाच घराण्यातील असल्याने एकाच्या जागी दुसरे बसवणे तुलनेने सोपे जाते. कमिन्सचे ६बीटी हे ५,८८३ सीसीचे टर्बो इंजिन टाटाच्याच नंतरच्या ट्रकांत आले आणि ते दणकट आहे. परंतु जुन्या गाडीत ते घालताना फाउंडेशन (इंजिन ज्यांवर चॅसिसला टेकते ते आधार), बेल हाउसिंग, हवेचे व सायलेन्सरचे पाइप असे सर्व काही नव्याने जुळवावे लागते. खेड्यातल्या गॅरेजमध्ये काम करायचे असेल, तर कंपनीने त्याच मॉडेलमध्ये कधी ना कधी बसवलेले इंजिनच निवडावे, असे मी सांगेन.

असे सांगण्यामागे कायद्याचेही कारण आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला आहे. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे ज्या आरटीओकडे गाडीची नोंद आहे, मग ती एमएच-२७ अमरावती असो की एमएच-२९ यवतमाळ, तेथे आधी अर्ज करावा आणि लेखी मंजुरी हातात आल्यावरच इंजिनाचा सौदा पक्का करावा. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती घ्यावी, आणि विमा कंपनीलाही कळवावे.

जुने इंजिन घेताना पक्के बिल, ज्या गाडीतून ते निघाले तिच्या कागदांची प्रत आणि ब्लॉकवरील क्रमांक या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. आमच्याच एका गाडीसाठी मी घाईत एक इंजिन आणले होते. ते सुरू करून पाहिले, आवाज खणखणीत होता, धूरही नव्हता. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी डिझेलचा बोळा घेऊन क्रमांकाच्या जागेवरचा ताजा रंग पुसला, तेव्हा खाली ग्राइंडर फिरवल्याच्या बारीक रेघा दिसल्या. त्या तुरीच्या हंगामात गाडी अंगणातच उभी राहिली. तेव्हापासून क्रमांकाची जागा मी स्वतः घासून पाहिल्याशिवाय पैसे देत नाही.

उतरवण्याआधीची मापे

जुने इंजिन गाडीत असतानाच पंख्यापासून रेडिएटरपर्यंतचे अंतर, बेल हाउसिंगच्या मागच्या कडेपासून चॅसिसच्या एखाद्या ठरावीक छिद्रापर्यंतचे अंतर आणि दोन्ही फाउंडेशनची उंची मोजून वहीत लिहावी. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा दांडा) आणि गिअरबॉक्सचा उतार अँगल मीटरने घ्यावा. प्रत्येक पाइप आणि वायरचा फोटो काढावा. या कामाला एक सकाळ लागते. ती वाचवणारा मिस्त्री पुढे चार दिवस घालवतो.

उचलण्यासाठी लोखंडी घोडी आणि दोन टनांची चेन-पुली वापरावी. सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन गिअरबॉक्स सोडूनही साधारण साडेचारशे किलोचे भरते. कडुनिंबाच्या फांदीला किंवा शेडच्या आडव्या अँगलला चेन बांधण्याची आपल्याकडची जुनी सवय सोडून द्यावी. चाकांखाली दगड नव्हे, तर लाकडी गुटके लावावेत, बॅटरीच्या तारा आधी सोडाव्यात आणि लटकत्या इंजिनाखाली कोणालाही हात घालू देऊ नये.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात. बेल हाउसिंगची मापे एसएई या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार असतील, तर क्रमांक ३ च्या हाउसिंगचा आतील व्यास ४०९.६ मि.मी. आणि क्रमांक २ चा ४४७.७ मि.मी. असतो. दोन्हींना बारा बोल्ट असल्यामुळे नुसते बोल्ट मोजून फसगत होते. मापे जुळत नसतील, तर गिअरबॉक्सकडील मूळ हाउसिंगच शोधावे किंवा चांगल्या लेथवर अ‍ॅडॅप्टर प्लेट करून घ्यावी. ही प्लेट गॅस कटरने कापलेली नसावी.

त्यानंतर डायल गेजचा (बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकाचा) चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर बसवून गेजचे टोक हाउसिंगच्या आतील कडेला टेकवावे आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवावे. काट्याची एकूण हालचाल साधारण ०.२० मि.मी.च्या आत असावी. हा फरक जास्त राहिला, तर क्लच प्लेटचा मधला भाग आणि पायलट बेअरिंग (क्लच शाफ्टचे टोक ज्यात बसते ते छोटे बेअरिंग) काही महिन्यांतच जातात आणि दोष मात्र क्लच प्लेटच्या माथी मारला जातो. टर्बो इंजिन घातले असेल, तर त्याच्या टॉर्कला पुरेल एवढा क्लच घ्यावा, कारण जुनी प्रेशर प्लेट चढावर घसरते.

क्लच प्लेट मध्यावर धरण्यासाठी भंगारातला त्याच गिअरबॉक्सचा क्लच शाफ्ट डमी म्हणून वापरावा. मग गिअरबॉक्स सरकवताना शेवटची बोटभर फट हाताने हलवून मिटली पाहिजे. ती मिटत नाही म्हणून बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढू नये. बहुधा पायलट बेअरिंगचे माप चुकलेले असते किंवा प्लेट मध्यावर नसते. गिअरबॉक्स मागे घ्यावा आणि पुन्हा पाहावे.

सम्प, फाउंडेशन आणि शाफ्ट

इंजिन जागेवर टेकले म्हणजे बसले असे नाही. खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबल्यावर पुढचा अ‍ॅक्सल किंवा स्टिअरिंगचा रॉड सम्पला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) लागता कामा नये. आम्ही यासाठी कणकेचा घट्ट गोळा अ‍ॅक्सलवर ठेवतो, गाडी भरून एका बाजूचे चाक उंच गुटक्यावर चढवतो आणि गोळा किती दबला ते पाहतो. दोन बोटांपेक्षा कमी जाडी उरली, तर सम्प किंवा फाउंडेशन बदलावे. ब्रॅकेट बसवताना चॅसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला वेल्डिंग लावू नये. मधल्या उभ्या भागाला छिद्रे पाडून बोल्टने बसवावे. इंजिन पुढे-मागे सरकले असेल, तर प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलून तो पुन्हा बॅलन्स करून घ्यावा आणि उतार वहीतल्या मापाशी ताडून पाहावा.

पाणी आणि हवा

अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे जास्त शक्तीचे इंजिन जुन्या रेडिएटरवर चालवायचे असेल, तर कोअर नवा किंवा अधिक ओळींचा घ्यावा. जिनिंगच्या आवारात फिरणाऱ्या गाडीच्या रेडिएटरमध्ये कापसाचे तंतू नमद्यासारखे बसतात. ते मागच्या बाजूने हवा मारून काढावेत. पंख्याभोवतीचा पत्रा काढून टाकू नये आणि गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्हही काढू नये. बोअरवेलचे पाणी तर अजिबात भरू नये. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचे पाणी रेडिएटरमध्ये गेले, की आतून गंज आणि क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण महाग वाटले, तरी नव्या हेड गॅस्केटपेक्षा स्वस्तच पडते.

स्टार्टर आणि अल्टरनेटर गाडीच्या व्होल्टेजचे आहेत का, ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर जुन्या लाइनला जोडता येतो का आणि इंजिन बंद करण्याची केबल पूर्ण ओढली जाते का, हे पाहून घ्यावे. टर्बोची ऑइल परत येण्याची नळी कुठेही वर चढू न देता सरळ उताराने सम्पात सोडावी.

पहिला स्टार्ट आणि चाचणी

डिझेलच्या लाइनमधली हवा काढल्यावर बंद करण्याची केबल ओढून धरावी आणि ऑइल गेजचा काटा उचलेपर्यंत थांबून थांबून, प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंदच सेल्फ मारावा. त्यानंतरच इंजिन सुरू करावे. इंजिन आपोआप पळत सुटले, तर हवेचे तोंड झाकता यावे म्हणून एक जाड फळी हाताशी ठेवावी. तळहाताने ते झाकण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

पहिली चाचणी रिकाम्या गाडीने आणि दुसरी वजन भरून घ्यावी. कापसाने ट्रक डोंगराएवढा दिसतो, पण वजनाने भरत नाही, म्हणून चाचणीसाठी तुरीची किंवा सरकीची पोती भरावीत. आम्ही परतवाड्याहून सेमाडोहच्या घाटात जातो. चढावर पाण्याचा काटा स्थिर राहतो का, क्लचचा जळका वास येतो का आणि उतरताना हवेचा दाब टिकतो का, एवढे पाहावे आणि परत येताना वाटेत दोनदा थांबून फाउंडेशनचे बोल्ट तपासावेत. निघण्यापूर्वी प्रत्येक बोल्टपासून ब्रॅकेटपर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरला आहे. त्यानंतर पीयूसी काढून गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावी आणि नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढेपर्यंत तिच्यावर भाड्याचा माल भरू नये.