आइस हॉकीतला नियमबदल: प्रस्ताव कसा तपासायचा

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये नियम बदलायच्या सूचना सतत येत असतात. ‘खेळ वेगवान होईल’ एवढ्या बोलीवर कुठल्याही सूचनेची बाजू घेऊ नका. तिला नेमकी कोणती चाल बंद पाडायची आहे, ते आधी एका वाक्यात लिहून काढा. तेवढं जमलं नाही, तर प्रस्ताव अजून कच्चा आहे.

उदाहरणाला ओव्हरटाइममधला, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेतला प्रस्ताव घेऊ. साखळी सामन्यात बरोबरी झाली की पाच मिनिटं, गोलरक्षक सोडून, तीन विरुद्ध तीन खेळतात. शूटआउट (एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर शॉट मारून लावायचा निकाल) कमी व्हावेत म्हणून २०१५-१६ मध्ये ही पद्धत आली. प्रशिक्षकांनी तिच्यावर लवकरच तोड काढली: शॉटला चांगली जागा मिळाली नाही की पक (खेळातली रबरी चकती) घेऊन मागे फिरायचं, दमलेले खेळाडू बदलायचे आणि नव्याने चढाई करायची. यात वेळ जातो, शॉट होत नाहीत. म्हणून सूचना अशी, की एकदा पुढे नेलेला पक ठरावीक रेषेमागे आणायला बंदी घालावी.

आता रेषा ठरवा. मधली लाल रेषा धरली, तर जिथून हल्ल्याचं क्षेत्र सुरू होतं त्या निळ्या रेषेपर्यंत २५ फुटांचा पट्टा वळायला उरतो. निळी रेषा धरली, तर गोलरेषेपर्यंतचे ६४ फूटच हातात राहतात. हल्लेखोर मागे जाऊ शकत नाहीत हे कळल्यावर बचावाचे तिघेही गोलसमोर गर्दी करतील आणि शॉट आणखी घटतील. त्यामुळे लाल रेषाच बरी.

पुढचा प्रश्न, पक मागे ‘नेला’ कधी म्हणायचं? बचावपटूच्या स्टिकला लागून मागे उडालेला पक उल्लंघनात धरू नये, हे मसुद्यात स्पष्ट लिहा. तसं लिहिलं नाही, तर लाइन्समनला (रेषांवर लक्ष ठेवणाऱ्या पंचाला) प्रत्येक वेळी अंदाज बांधावा लागेल आणि मग व्हिडिओ तपासणीची मागणी येईल.

सगळ्यात जास्त घोळ शिक्षेत होतो. दोन मिनिटांची पेनल्टी दिली तर समोरच्याला चौथा खेळाडू मिळतो. इतक्या छोट्या चुकीला ही शिक्षा फार जड आहे. शिट्टी वाजवून फेसऑफ (दोन खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) दिला, तर खेळ थांबतो आणि सगळ्यांना दम खायला मिळतो. ओव्हरटाइमला बाजू बदललेल्या असतात, म्हणून बचाव करणाऱ्यांना बदली खेळाडूंचा बेंच लांब पडतो. ते अडकतात, थकतात आणि तिथूनच गोल होतात. शिट्टी त्यांनाच सोडवते! यावर उपाय नियमपुस्तकात आधीपासून आहे: २००५-०६ पासून आयसिंग (मधल्या रेषेमागून पक थेट समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे मारणं) करणाऱ्या संघाला फेसऑफआधी खेळाडू बदलता येत नाहीत. इथे तीच अट दोन्ही संघांना लावा आणि फेसऑफ चूक करणाऱ्याच्याच बचावक्षेत्रात घ्या.

गुणपद्धतही तपासा. एनएचएलमध्ये ६० मिनिटांत निकाल लागला तर सामन्यातून एकूण दोन गुण वाटले जातात. पुढे गेला तर तीन, कारण हरणाऱ्यालाही एक मिळतो. मग शेवटच्या मिनिटांत बरोबरी टिकवणं दोघांच्याही सोयीचं होतं. त्यावर ओव्हरटाइमचा कुठलाही नियम उतारा ठरत नाही. महिलांच्या पीडब्ल्यूएचएल लीगने पहिल्या मोसमापासून ३-२-१-० ही पद्धत ठेवली: ६० मिनिटांत जिंकला तर तीन गुण, नंतर जिंकला तर दोन, नंतर हरला तर एक, ६० मिनिटांत हरला तर शून्य. तिथे प्रत्येक सामना तीनच गुणांचा असतो. आमच्या मते एनएचएलला या बदलाची गरज जास्त आहे.

चाचणीशिवाय शिफारस करू नका. हायब्रिड आयसिंग (पकाकडे कोण आधी पोचेल ते पाहून गोलरेषेआधीच आयसिंग ठरवणं) आणि तीन विरुद्ध तीन ओव्हरटाइम, दोन्ही आधी एएचएल या एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये खेळवून पाहिले होते. आपल्या ओळखीच्या मैदानी हॉकीतही ऑफसाइड १९९६ मध्ये प्रयोग म्हणून काढला आणि १९९८ मध्ये कायमचा गेला. चाचणीआधीच मोजायचे आकडे ठरवा: ओव्हरटाइममधले गोलवरचे शॉट, शिट्ट्या आणि शूटआउटपर्यंत गेलेले सामने. निव्वळ गोल मोजून भागत नाही. आकडे मोसमाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे वेगवेगळे ठेवा, कारण प्रशिक्षकांना पळवाट सापडायला थोडा वेळ लागतो.

एनएचएलमध्ये असा मसुदा सहसा आधी जनरल मॅनेजरांच्या बैठकीत चर्चेला येतो. नंतर तो खेळाडू आणि क्लब या दोघांचे प्रतिनिधी असलेल्या कॉम्पिटिशन कमिटीकडे जातो आणि शेवटी संघमालकांच्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सपुढे. कमिटीत खेळाडू बसलेले असल्यामुळे दमलेल्या पायांनी किती वेळ बर्फावर अडकून राहावं लागेल, याचं उत्तर मसुद्यासोबतच द्या.