गणपतीला घर भरलं की आधी वंशावळ लिहा: वारसनोंदीचं काम कसं करावं

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या दापोलीकडच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. पंचनामा झाला आणि भरपाईचे पैसे अडकले. अकरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं, त्यांतली नऊ माणसं केव्हाच वारलेली. सगळ्या हिस्सेदारांची संमती आणा, असं सांगितलं. तेव्हापासून हे वारसनोंदीचं काम, म्हणजे वारलेल्यांच्या जागी वारसांची नावं लावणं, मी स्वतः शिकले.

सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढून घ्या. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. तो नावानाव लावून वाचा. एखाद्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर. आमच्या घरातून एकट्या थोरल्या काकांचं नाव लागलेलं, पुढे ही अक्षरं. मुंबईला गिरणीत गेलेल्या धाकट्या भावांची नावंच नाहीत. काकांमागे नुसती त्यांच्या मुलांची वारसनोंद झाली असती तर माझे वडील कागदावरून कायमचे गेले असते. अशा वेळी ए.कु.मॅ. शेरा कमी करून सगळ्या भावांची नावं लावायचा अर्ज करा, सोबत जुना फेरफार, म्हणजे ते नाव लागलं तेव्हाची नोंद, जोडा. फेरफाराचे क्रमांक सातबाऱ्यावरच असतात, जुन्या हस्तलिखित नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतात.

मग 'इतर हक्क' हा रकाना. कुळाची नोंद आणि विक्रीवरच्या बंधनाचे शेरे इथे दिसतात. माझे आजोबा कूळ होते, दुसऱ्याची जमीन कसायचे. कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 ला, कृषकदिनी, कसणारा मालक ठरला; पण त्याच कायद्याच्या कलम 32ग खाली ठरलेली किंमत भरून कलम 32म चं खरेदी प्रमाणपत्र घेतलं तरच ते काम पुरं. ते प्रमाणपत्र घरातल्या पेटीत शोधा, पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राखालीसुद्धा. आमचं तिथेच होतं. 'कलम 43' चा, म्हणजे परवानगीशिवाय विकू नये असा, शेरा असेल तर घाबरू नका. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या) 40 पट रक्कम भरून परवानगीशिवाय जमीन विकता येते. विकाच, असं मी म्हणत नाही.

वंशावळ गणपतीतच लिहा, कारण तेव्हा चाकरमानी येतात आणि आत्याही येतात. कोण कुठल्या साली वारलं, कुणाचं दुसरं लग्न झालं, हे आत्यांनाच ठाऊक. त्या वर्षी आरतीनंतर ओटीवर बसून मी लिहीत होते, तर थोरली आत्या म्हणाली, "बाय, माझं नाव कशाला? मला काय नको." मी तिचं नाव लिहिलंच. हिंदू वारसा कायद्याने वडिलांमागे मुलगी 1956 पासून वारस आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या जमिनीतही तिला मुलाइतका हक्क मिळाला. तिला खरंच नको असेल तर नंतर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. साध्या कागदावरच्या सहीला काही किंमत नाही. वंशावळीतून मुलगी गाळणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र करणं, आणि ते आपल्याच माणसाच्या विरुद्ध. हे मला अजिबात मान्य नाही.

पुढचं सोपं आहे. मृत्यूचे दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे द्या किंवा ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर भरा. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण वीस वर्षं झाली म्हणून नोंद होत नाही असं नाही. फेरफार धरला की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. मुंबईत वारलेल्यांचे दाखले महापालिकेच्या वॉर्डातून आणावे लागतात. वेळ जातो तो तिथे, म्हणून ते आधी.

नावं लागल्यावरच वाटणीचं बोला. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली अर्ज होतो.

आणि ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद, चुकवू नका, विम्याला आणि भरपाईला तीच बघतात. नव्या पोफळींची आमची नोंद आत्याच्या नातवाने केली. फोटो वाडीत उभं राहूनच काढायचा. रेंज नसेल तर वर रस्त्याला येऊन अपलोड करा.