फूड युनिटमधले भुंगेरे: फवारायच्या आधी किडा हातात घेऊन बघा

पॅकिंग लाइनवर एक भुंगेरा दिसला की पहिला फोन पेस्ट कंट्रोलला जातो, तो येतो, फवारतो, चार दिवस शांतता, मग परत तेच. मी बरीच वर्षं हायजिनचं काम करतोय आणि माझं ठाम मत झालंय की भुंगेरा मारणं हे शेवटचं काम आहे. पहिलं काम म्हणजे तो नेमका कोण आहे ते ओळखणं, कारण प्रत्येक जातीचा भुंगेरा तुमच्या बिल्डिंगमधला वेगळा दोष दाखवत असतो. एखाद्याचा अर्थ असतो कुठेतरी ओल आहे, दुसऱ्याचा अर्थ कुठेतरी जुनं पीठ साठलंय, आणि तिसऱ्याचा अर्थ फक्त एवढाच की दाराखाली फट आहे आणि रात्री बाहेर लाइट लागतो.

तर दिसला की चिरडू नका. चिकटपट्टीवर नाहीतर छोट्या बाटलीत घ्या, कुठे सापडला, कधी, किती, लिहून ठेवा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. काळा, चकचकीत, लांब पायांचा आणि जोरात पळणारा असेल तर तो बहुतेक बाहेरचा जमिनीवरचा भुंगेरा, आत त्याची पैदास होत नाही. लालसर तपकिरी, ३ ते ४ मिमी, चपटा लांबट असेल तर पिठातला लाल भुंगेरा. साधारण ३ मिमीचा, एकदम चपटा आणि मानेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा दात, तो सॉटूथ्ड ग्रेन बीटल, हा इतका चपटा की नीट बंद न झालेल्या पॅकेटच्या घडीतूनही आत जातो. गोलसर, पाठीला कुबड, डोकं खाली घातलेलं, २ ते ३ मिमी, मिशा करवतीसारख्या, तो सिगारेट बीटल, मसाले आणि सुक्या वनस्पतींचा माल त्याला फार आवडतो. ह्याच्यासारखाच दिसणारा पण पंखांवर बारीक रेघा असलेला म्हणजे ड्रगस्टोअर बीटल. आणि २ मिमीच्या आसपासचा, तपकिरी, मानेच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर बारीक गाठ असलेला दिसला तर तो फॉरेन ग्रेन बीटल, आणि ह्याच्याबद्दल जरा सविस्तर बोलायलाच हवं.

हा किडा बुरशी खाऊन जगतो. म्हणजे तो दिसला की समजायचं कुठेतरी बुरशी आहे, आणि बुरशी आहे म्हणजे ओल आहे. एका ठिकाणी आम्ही पॅकिंग हॉलच्या एकाच भिंतीवर तीनदा फवारणी करून घेतली, दर वेळी आठवड्याभरात किडे हजर, शेवटी फॉल्स सीलिंग उघडलं तर थंड पाण्याच्या पाइपचं इन्शुलेशन भिजून काळं पडलेलं आणि त्यात किडेच किडे. इन्शुलेशन बदललं, पाइप नीट गुंडाळला, जागा सुकवली, आणि विषय संपला, औषधाचा एक थेंबही न वापरता. नवीन बांधकामातही हा किडा हमखास येतो कारण प्लास्टर आणि लाकूड अजून ओलं असतं. केसाळ फंगस बीटल आणि बारीक तपकिरी स्कॅव्हेंजर बीटल हेही ह्याच पठडीतले, त्यांनाही बुरशीच लागते. त्यामुळे हे दिसले की छताची गळती, पाइपवर जमणारं पाणी, कोल्ड रूमच्या दाराची चौकट, ड्रेनजवळची फुटलेली फरशी, भिंतीतली पोकळी, हे सगळं टॉर्च घेऊन बघा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली ठेवता आली तर बुरशीला वाढायला जागाच राहत नाही. आणि सुक्या भागात पाणी मारून धुण्याची सवय असेल तर ती आधी बंद करा, मशीनखाली राहिलेलं ओलं पीठ म्हणजे ह्या किड्यांसाठी तयार पाळणाघर.

आता पिठातले भुंगेरे. इथे दोष जवळजवळ नेहमी साठलेल्या धुळीत असतो. लाल भुंगेर्‍याची मादी आयुष्यात ३०० ते ५०० अंडी घालते, साधारण ३० अंशाच्या उबेत अंड्यापासून किडा व्हायला महिनाभर लागतो, आणि प्रौढ किडा वर्षभरही जगू शकतो. ह्यावरून स्वच्छतेचं वेळापत्रक ठरवा, म्हणजे ज्या जागी पीठ साठतं ती जागा महिना व्हायच्या आत रिकामी झाली पाहिजे, नाहीतर तिथे पुढची पिढी तयार होतेच. जागा कुठल्या तर स्क्रू कन्व्हेयरचं शेवटचं टोक, माल वर नेणार्‍या एलिव्हेटरचा खालचा भाग, चाळणीच्या फ्रेमची आतली बाजू, टेबलाचे पोकळ पाय, केबल ट्रे, उबदार इलेक्ट्रिक पॅनल, फरशीचे जॉइंट, बीमवर बसलेली धूळ. दिसणारी फरशी सगळेच पुसतात हो, किडा मात्र न दिसणाऱ्या जागेत असतो. साफ करताना कॉम्प्रेस्ड एअर मारू नका, त्याने पीठ आणि अंडी दोन्ही उडून आणखी दहा फटींत जातात. व्हॅक्यूम वापरा आणि काम झालं की त्याची पिशवी लगेच बांधून बाहेर टाका, तिथेच ठेवली तर ती पिशवीच नवीन अड्डा होते.

एक गोष्ट बर्‍याच जणांच्या डोक्यात येत नाही. उंदरांसाठी ठेवलेलं धान्याचं आमिष महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं आणि त्यात सिगारेट बीटल, वेअरहाउस बीटल आरामात वाढतात. लाइट ट्रॅपच्या ट्रेमध्ये साचलेले मेलेले किडे, छतातलं पक्ष्याचं जुनं घरटं, भिंतीत मेलेला उंदीर, हे सगळं केसाळ अळ्यांच्या डर्मेस्टिड भुंगेर्‍यांचं अन्न. वेअरहाउस बीटल ह्याच गटातला, त्याच्या अळीचे बारीक केस मालात गेले तर खाणार्‍याच्या तोंडाला, घशाला आणि पोटाला त्रास होऊ शकतो, त्यामुळे हे हलक्यात घेऊ नका.

येणारा माल हा तिसरा रस्ता. गाडी रिकामी करायच्या आधी गाडीचे कोपरे, पॅलेटच्या फटी, पोत्यांच्या शिवणी टॉर्चने बघा, सॅम्पल चाळून पांढर्‍या कागदावर पसरा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, हलायला लागले की दिसतात. शंका आली तर माल वेगळा ठेवा, मेन स्टोअरमध्ये नेऊ नका. रॅक भिंतीपासून ४५ सेमी आणि जमिनीपासून १५ सेमी ठेवला तर मागे जाऊन बघताही येतं, साफही करता येतं. आधी आलेला माल आधी वापरा, आणि परत आलेला माल, फाटलेली पोती, जनावरांच्या खाद्यासाठी ठेवलेला वेस्ट, ह्यांना तर ताज्या मालाच्या जवळही फिरकू देऊ नका.

बाहेरून येणार्‍यांसाठी काम सोपं आहे. दाराखाली ब्रश किंवा रबर लावा, प्रकाश दिसतोय एवढी फट म्हणजे किड्याला रस्ता. दिवे दाराच्या डोक्यावर नकोत, लांब खांबावर लावून त्यांचा उजेड दाराकडे पाडा, आणि निळसर पांढर्‍या प्रकाशाऐवजी पिवळसर घ्या, त्याच्याकडे किडे कमी येतात. भिंतीलगत अर्धा मीटरभर गवत-झुडूप नको, तिथे खडी टाका. आतला लाइट ट्रॅप बाहेरून दिसता कामा नये, नाहीतर तो बाहेरच्या किड्यांना आत बोलवतो.

ट्रॅपला नंबर द्या, नकाशावर मांडा आणि दर आठवड्याला मोजा. फेरोमोन ट्रॅपने, म्हणजे किड्यांना त्यांच्याच वासाने बोलावणार्‍या सापळ्याने, प्रॉब्लेम सुटत नाही, तो फक्त कुठे शोधायचं ते सांगतो. सिगारेट बीटलच्या ट्रॅपमध्ये फक्त नर येतात, म्हणजे मादी आणि अळ्या अजून मालातच आहेत. बाहेरच्या दाराजवळ असा ट्रॅप लावू नका. एका ट्रॅपचा आकडा वाढला की आजूबाजूचे ट्रॅप बघत बघत सर्वात जास्त कुठे आहेत तिथपर्यंत जा आणि तिथली मशीन उघडा.

हे सगळं झाल्यावर औषध, तेही फटीत आणि भेगांत, लेबलवर लिहिलंय तसंच, खाद्य लागणार्‍या पृष्ठभागावर नाही. वाढ रोखणारी औषधं प्रौढ किडा मारत नाहीत, त्यामुळे दुसर्‍या दिवशी किडे दिसले म्हणून घाबरू नका. छोटा लॉट असेल तर उणे १८ अंशावर आठवडाभर गोठवा, पण दिवस मोजायचे ते पोत्याचा मधला भाग तेवढा थंड झाल्यापासून. पूर्ण हॉल गरम करायचा तर ५० ते ६० अंश सुमारे २४ तास ठेवतात, आणि कोपर्‍यात, मशीनच्या आत सेन्सर लावावेच लागतात कारण एक थंड कोपरा सुटला की किडे तिथे जाऊन वाचतात. फॉस्फिन ह्या विषारी गॅसचं फ्युमिगेशन, म्हणजे धुरी, लायसन्स असलेल्या माणसाकडूनच, माणसं पूर्ण बाहेर काढून, गॅस मोजून. ह्या गॅसने तांबं गंजतं, म्हणून पॅनल आणि कंट्रोलचा विचार आधी करा. गळक्या जागेत अर्धवट गॅस दिला तर सगळे किडे मरत नाहीत आणि वाचलेल्यांची पिढी गॅसला दाद देत नाही. शिवाय गॅस निघून गेल्यावर मागे काहीच संरक्षण राहत नाही, त्यामुळे माल परत आत घ्यायच्या आधी ट्रॅप नवीन लावून पहिल्या आठवड्याचा आकडा जुन्या आकड्याच्या शेजारी लिहून ठेवा.