संगणकावर आरगॉन वितळवताय? या चुका टाळा

जानेवारीत खानापूरकडं सकाळी न्हाणीतली खोबरेलाची बाटली बघा. तेल पांढरंफटक थिजलेलं असतं. उन्हात ठेवली की आधी काचेलगतचं सुटतं, मधला गोळा तसाच राहतो आणि तळाशी बसतो. बर्फासारखा तरंगत नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टला आरगॉन या वायूचं सिम्युलेशन, म्हणजे त्याच्या अणूंच्या हालचालींची संगणकावरची नक्कल, घेणाऱ्या पोरांना मी आधी ही बाटली दाखवतो. पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातच दिसतात.

पहिली चूक माझी स्वतःची. शिकत असताना संगणकातल्या डब्यात, म्हणजे अणू ठेवायच्या काल्पनिक चौकोनी जागेत, एकसंध स्फटिक घेतला, सगळे करतात तसा तोच डबा चहूबाजूंनी पुन्हा पुन्हा मांडला आणि तापवत गेलो. १०० केल्विनच्या आसपास रचना कोसळली. वहीत लिहिलं, द्रवणांक १००. खरा आहे ८३.८. अनीसुर रहमान या हैदराबादच्या शास्त्रज्ञानं १९६४ मध्ये ८६४ अणूंचं सिम्युलेशन केलं, त्यात ९४.४ केल्विनला आरगॉन द्रव होता. माझा त्याच तापमानाला घट्ट स्फटिक! कारण साधं. वितळणं काठापासून सुरू होतं, काचेलगतच्या तेलासारखं, आणि माझ्या डब्याला काठच नव्हता.

गार करताना उलटा घोटाळा. ८३.८ च्या बरंच खाली जाऊनही द्रव गोठत नाही, कारण स्फटिकाचं पहिलं बी, म्हणजे ज्याभोवती तो वाढतो तो कण, तयार व्हायलाच अडतं. इवल्याशा बियात आतले अणू थोडे आणि पृष्ठभागावरचे जास्त, त्यामुळं ते धरता धरता विरघळतं. मग पोरं दोन्ही आकड्यांची सरासरी काढून मोकळी होतात. तसं करू नका. तापवण्या-गारवण्याचा वेग बदला, सरासरीही बदलेल.

त्यापेक्षा अर्धा डबा घन, अर्धा द्रव ठेवा आणि मधली सीमा कुठं सरकते ते बघा. (सीमेचं आम्हा बेळगावकरांना काय सांगायचं!) घनाकडं सरकली तर तापमान जास्त, द्रवाकडं सरकली तर कमी. जिथं ती जागची हलत नाही, तो द्रवणांक.

हे करताना डब्याचं आकारमान बांधून ठेवू नका, दाब स्थिर ठेवा. वितळताना आरगॉन सुमारे १४ टक्के फुगतो. जागा दिली नाही तर दाब चढतो, दाबाबरोबर द्रवणांकही चढतो आणि तुम्ही नुसते मागं पळत राहता.

तोंडी परीक्षेत हमखास येणारं उत्तर: "सर, गार झालं की आकर्षण जिंकतं, म्हणून गोठतं." आल्डर आणि वेनराइट या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये संगणकात आकर्षण अजिबात नसलेले, नुसते एकमेकांवर आपटणारे कडक गोळे घेतले. तेही गोठले. गोळ्यांनी साधारण ४९ टक्के जागा व्यापली की गोठायला लागतात, ५४.५ टक्क्यांच्या पुढं सगळा घन. गर्दीत ओळीनं उभं राहिलं की प्रत्येकाला हलायला थोडी जास्त जागा मिळते, एवढंच त्याचं कारण.