जुन्या स्विफ्टमध्ये नॅव्हिगेशन बसवताना: अँटेना आणि वेगाची वायर

चोर्ला घाटात मोबाईलची रेंज जाते, आणि काचेजवळ लावलेला फोन उन्हात तापून बंद पडतो. म्हणून आमच्या २००८च्या स्विफ्टमध्ये डॅशबोर्डातच बसणारं, नकाशे स्वतःच्या मेमरीत ठेवणारं युनिट बसवून घेतलं.

युनिट बसवायची फ्रेम आणि गाडीच्या वायरिंगला जोडणारा कपलर (प्लग) मिळाला की अर्धं काम झालं. पिवळी वायर कायम १२ व्होल्टची, लाल चावी फिरवल्यावर चालू होणारी. तरी मल्टिमीटरने तपासूनच जोडा. जुन्या गाडीत आधी कोणी काय करून ठेवलंय, सांगता येत नाही.

खरी गोम उपग्रहांचा सिग्नल पकडणाऱ्या अँटेनात होती. इलेक्ट्रिशियनने तो डॅशबोर्डाखाली लोखंडी पट्टीमागे चिकटवलेला. म्हापशाहून निघालो, तर फोंड्यापर्यंत सिग्नलच लागेना! उपग्रहांचा सिग्नल मुळात फार क्षीण. काच, प्लास्टिक पार करतो, धातू नाही. आणि जागा नीट ठरायला किमान ४ उपग्रह लागतात. अँटेना काचेलगत, तोंड आकाशाकडे करून ठेवला आणि लगेच फरक पडला. काचेवर धातूमिश्रित फिल्म असेल तर मात्र तिथेही अडचण येते.

घाटातल्या दाट झाडीत नकाशावरचा गाडीचा बाण तरीही रस्ता सोडून दरीत जायचा. युनिटला वेगाच्या सेन्सरची वायर जोडायची सोय होती, ती जोडून घेतली. आता सिग्नल तुटला तरी चाकांचा वेग आणि आतला जायरो (गाडी किती वळली ते ओळखणारा सेन्सर) यांवरून युनिट गाडीची जागा धरून ठेवतं. हे काम किचकट म्हणून टाळलं जातं, आग्रह धराच.

सांधे नुसती टेप गुंडाळून सोडू नका. आपल्या खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं. सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा.