रीळ उलटं फिरायचं, ते असं बरं केलं

भाट्याच्या खाडीत, भरतीला गरीवर तांबोशी लागली. पहिल्याच हिसक्याला रिळाची मूठ उलटी फिरली, दोरी सैल पडली आणि मासा गेला. हातात आलेला मासा असा जाणं फार लागतं मनाला.

मला वाटलं रिळातल्या चाकांचे दात झिजले. सोबत गरवायला येणारे काका म्हणाले, "अरे, ग्रीस किती भरलंस?" तिथेच खोट होती. उलट फिरणं अडवणाऱ्या बेअरिंगमध्ये बारीक रोलर असतात, ते स्प्रिंगने पुढे सरकून दांडा पकडतात. जाड ग्रीसमध्ये ते चिकटून बसतात आणि दांडा सुटतो. पावसाळ्याआधी मीच मायेने चोपडलं होतं.

स्पूल (दोरी गुंडाळली जाते तो भाग), मग रोटर (त्याभोवती फिरून दोरी गुंडाळणारा भाग) काढला. प्रत्येक वॉशरचा फोटो काढून ठेवला, हे विसरू नका. बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं तर पिवळा चिकटा बाहेर आला. पूर्ण वाळवून पातळ तेलाचा एकच थेंब दिला. ग्रीस फक्त दातांना.

मूठ आता जराही उलटी फिरत नाही. खाडीवरून आलो की ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी किती सुटावी ते ठरवणारा ब्रेक) घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार देतो, पुसतो, मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवतो. रविवारी काकांसोबत परत भाट्याला जातोय.