यंदा एक किल्ला स्वतःसाठी

दिवाळीचा किल्ला मुलांनी करायचा आणि मोठ्यांनी माती आणून द्यायची, हा आमच्या घरचा रिवाज. तीन वर्षांपूर्वी सहामाही संपली आणि भाचा तापाने आडवा झाला. आणलेली माती वाया जायला नको म्हणून गॅलरीत बसून मीच किल्ला केला. दुसऱ्या दिवशी तो शाल गुंडाळून बघायला आला आणि म्हणाला, "आत्या, दरवाजा कुठाय?" तटबंदी होती, सात बुरूज होते, दरवाजा नव्हताच. आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते आणि मी कुणाचेच फोन उचलत नव्हते.

तेव्हापासून दर दिवाळीला भाच्याच्या किल्ल्याशेजारी माझाही एक असतो. करून बघायचा असेल तर दोन घमेली लाल माती, विटांचे पाच-सहा तुकडे आणि एक जुनं गोणपाट घ्या. विटा रचा, चिखलात बुडवलेलं पोतं त्यावर पसरा, मग हाताने लिंपा. बाजारातला तयार किल्ला नको, थर्मोकोल तर नकोच. माती बोटांना उलट उत्तर देते, आपल्याला तेच हवंय.

वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी बसा, म्हणजे दिवाळीपर्यंत हिरवळ येईल. हळीव भिजवू नका, बुळबुळीत होऊन हाताला चिकटतात. ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरायचे आणि हलकं पाणी शिंपडत राहायचं.

समोर फोटो ठेवून रायगड करायला जाऊ नका. "हे वर्ष कसं गेलं?" एवढंच मनात धरा आणि हात चालू द्या. अर्थ लावायची घाई नको. अर्थ काढत बसलात की बुरूज फार देखणे होतात.

हात धुतल्यावर किल्ला वाचायचा. मला त्यासाठी राजगड उपयोगी पडतो. मधोमध बालेकिल्ला आणि भोवती पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या. संजीवनी माचीवर चिलखती बांधणी आहे, म्हणजे दुहेरी तट. बाहेरची भिंत ढासळली तरी आतली उभी. आपण दुहेरी तट कुणाच्या बाजूला घातलाय, ते बघा. माझा दुसऱ्या वर्षी ऑफिसच्या दिशेला निघाला. त्या वर्षी दरवाजा आला होता, पण गोमुखी! रायगडाच्या महादरवाजासारखा दोन बुरुजांच्या आड दडलेला, समोरून येणाऱ्याला दिसूच नये असा. गेल्या वर्षी दरवाजा चांगला रुंद झाला, तर पाण्याचं टाकं करायचंच राहिलं. माणसं येऊ लागली होती, मला मात्र दुपारी अर्धा तास पडायलाही फुरसत नव्हती.

चोरदरवाजा केला असेल तर ओशाळू नका. अडचणीत निसटायची वाट शहाण्या गडांना असतेच. माझा दरवर्षी असतो. तो कुठे निघतो, ते सांगणार नाही.

मावळे सगळ्यात शेवटी मांडा आणि त्यांची तोंडं कुठे आहेत ते तपासा. माझे पहारेकरी एकदा सगळे आत, बालेकिल्ल्याकडे बघत उभे होते. म्हणजे पहारा कुणावर होता?

मग वरून एक फोटो काढा, वहीत तारीख घालून तीनच वाक्यं लिहा. जास्त लिहिलं की आपण वकिली करायला लागतो. किल्ला दाखवायचाच तर लहान मुलाला दाखवा. मोठी माणसं "छान झालाय" म्हणतात आणि चहाकडे वळतात. मूल विचारतं, "इथे कोण राहतं?"

तुळशीचं लग्न लागलं की किल्ला मोडायचा आणि माती कुंड्यांत घालायची. मोडताना पाणी मारल्यावर कुठला बुरूज आधी सुटतो, त्यावर नजर ठेवा. माझा दरवेळी ऑफिसकडचा सुटतो, सगळ्यात जाड लिंपलेला.